चेतकचा हिशेब

सातारा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला पत्र नाही आणि आज लिहितो आहे तेही गाडीसाठी, याची लाज वाटते. घरी सर्व ठीक. माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे.

गाडी ऑइल खाते आहे. खंबाटकीच्या चढावर लाल दिवा लागला म्हणून गेज काढून पाहिले, तर टोकालाही ऑइल नव्हते. गळती कोठेच नाही. माझी सर्व्हिसिंगची वही तुला ठाऊक आहे. तीत चाकांतल्या हवेच्याही नोंदी पाहून तू मला तलाठी म्हणायचास. सहा वर्षांत ऑइल बदलायला एकदाही उशीर झालेला नाही.

सर्व्हिस सेंटरने झाकण आणि गेज सील करून हजार किलोमीटर चालवायला लावले. मोजले, तर ८०० मिलिलिटर कमी भरले. त्यावर, हजार किलोमीटरला एक लिटर एवढा खर्च मर्यादेत बसतो, असे मला शांतपणे सांगण्यात आले. अरे, इंजिनात मावते साडेतीन लिटर आणि ऑइल बदलायचे दहा हजारांनी. म्हणजे मर्यादेत राहूनही ते दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये जवळजवळ तीनदा कोरडे पडू शकते!

आपल्या मिस्त्रीने मात्र नीट समजावले. घर्षण कमी होऊन मायलेज वाढावे म्हणून पिस्टनच्या ऑइल रिंगा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल निपटणाऱ्या कड्या, कमी ताणाच्या केलेल्या असतात. त्यांच्यामागची ऑइल परत उतरण्याची बारीक छिद्रे कार्बनने बुजली की रिंग जागीच चिकटते आणि भिंतीवरचे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते. वही निर्दोष, दोष जन्मजात. इंजिन उतरवून रिंगा, पिस्टन आणि बोअर करायला एक लाख साठ हजार. ऑइलच्या राखेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, गेला असेल, तर तो निराळा. ग्राहक आयोगात तक्रार करता येईल, पण दोष मूळचाच होता हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करण्यात किती काळ जाईल कोण जाणे. तू वाढीव वॉरंटी घे म्हणत होतास, तेव्हा "नीट सांभाळणाऱ्याला ती कशाला?" असे मी म्हणालो होतो. ते वाक्य मला ऐकवण्याचा तुझा हक्क मान्य आहे. आपल्या चेतक स्कूटरला आपणच पेट्रोलमध्ये ऑइल पाजत होतो आणि धुराचे कोणाला काही वाटत नसे, ते दिवस बरे होते.

आता खरे कारण. मिस्त्री म्हणाला, "साहेब, घट्ट ऑइल भरा, महिनाभर धूर दिसणार नाही, वही दाखवा आणि विकून टाका." नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा गाडी पाहून गेला. वही चाळून तो इतका भारावला की इंजिनाविषयी त्याने एक प्रश्नही विचारला नाही, आणि मीही गप्प राहिलो. कराडच्या त्या गृहस्थाने इंजिन आधीच तापवून ठेवून आपल्या गळ्यात मारलेली चेतक तू तशीच पुढे खपवू म्हणालास, तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी अबोला धरला होता. शेवटी माझ्या हट्टापायी तू ती भंगारात दिलीस, आणि तुझ्या तोट्यातला माझा अर्धा वाटा मी आजवर दिलेला नाही.

मुक्ताचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे?

तो मुलगा रविवारी सकाळी येणार आहे. घट्ट ऑइलचा डबा डिकीत आहे, अजून फोडलेला नाही. शनिवारी रात्री फोन कर, शिव्या द्यायच्या असतील तरी.

तुझा,
शरद