पेटी रडत नाही म्हणालास, त्यावर

पॅरिस, रविवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. नाटकाच्या तालमी सुरू झाल्या असतील आणि ऑर्गनच्या भात्याला पुन्हा भोक पडलं असेल, असं धरून चालतो. मागच्या खेपेला सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावून तीन अंक काढले होतेस!

दिवाळीत आपलं वाजलं होतं, आठवतंय? तू म्हणालास, "पेटीला मींड नाही, एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं नाही. पट्टी दाबली की सूर सरळसोट येणार, ती रडेल कशी?" मी नुसताच चिडलो, उत्तर काही सुचलं नाही. आज सुचलंय. निदान अर्धं तरी.

सकाळी सँ-सुल्पीस चर्चमध्ये लुई व्हिएर्न या फ्रेंच संगीतकाराची तिसरी सिंफनी ऐकली. सिंफनी म्हणजे साठ-सत्तर वादकांचा ताफा, ही आपली समजूत. इथे माणूस एकच. हातांना पाच कीबोर्ड, पायांना लाकडी पट्ट्यांचा आणखी एक, आणि शंभरावर स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या पाइपांचे संच चालू-बंद करायचे खटके. काव्हाये-कोल या कारागिरानं 1862 साली हा ऑर्गन उभा केला. बासरी, ओबो, तुतारी, सगळ्यांचे आवाज त्यात भरले, तेव्हा कुठे इथला ऑर्गनवादक व्हिदोर याच्यासारख्यांना एकट्या ऑर्गनसाठी लिहिलेल्या रचनेला सिंफनी म्हणायचा धीर झाला. व्हिएर्न इथेच व्हिदोरच्या हाताखाली होता. (पेटीचं माहेरही पॅरिसच बरं का. दबेन नावाच्या माणसानं 1840 च्या दशकात ती इथेच घडवली.)

ऑर्गन मागच्या भिंतीवर, खुर्च्यांची तोंडं पुढे. म्हणजे वादकाकडे पाठ करून ऐकायचं. शेजारच्या आजींनी सरळ खुर्ची फिरवली, मग मीही.

1911 सालची ही रचना एफ शार्प मायनरमध्ये आहे. तुझ्या भाषेत काळी तीन. मायनर म्हणजे गंधार, धैवत कोमल. सुरुवात तुटक, फटकारे मारल्यासारखी. मधला इंटरमेझो मला फारसा भिडला नाही, खरं सांगतो. पण चौथा, संथ भाग, अडाजिओ! वर एक सूर धरलेला, अगदी सरळ, तू म्हणतोस तसा. आणि त्याच्या खालचे सूर अर्ध्या अर्ध्या पट्टीनं सरकताहेत. वरचा सूर जागचा हलत नाही, पण खालचा आधार बदलला की तोच सूर आत्ता सुखाचा वाटत होता तो ओशाळा होतो. आपण षड्ज बदलून मूर्च्छना घेतो, तेव्हा कालचाच गंधार परका वाटतो ना? तसं. मींड कानात घडते, पट्टीवर नाही.

आणखी एक युक्ती. काही पाइप एका मोठ्या लाकडी खोलीत कोंडलेले असतात. तिच्या झडपा पायानं उघडझाप करायच्या. वाऱ्याचा दाब तोच, सूर तोच, पण दाराआड कुणी गात असावं आणि दार हळूहळू किलकिलं व्हावं तसा आवाज वाढतो. भात्यावर जोर देऊन आपण जे करतो त्यापेक्षा हे फार हळवं आहे.

व्हिएर्नला जन्मापासून जेमतेम दिसायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुलगा गेला, भाऊ गेला. सहा सिंफनी लिहिल्या, सहाच्या सहा मायनरमध्ये. 1900 पासून तो इथल्याच नोत्र-दाम कॅथेड्रलचा ऑर्गनवादक होता. 2 जून 1937 ला तिथेच त्याचा 1750 वा कार्यक्रम होता. शेजारी त्याचा शिष्य द्युरुफ्ले. ठरलेलं वाजवून झालं, आता आयत्या वेळी दिलेल्या सुरावटीवर विस्तार करायचा, इतक्यात तो कोसळला. पाय खालच्या ई वर पडला, आणि भरल्या चर्चमध्ये तो एकच सूर घुमत राहिला.

ई म्हणजे पांढरी तीन. आज घरी गेलास की ऑर्गनवर तेवढीच पट्टी दाबून धर, दुसरं काही वाजवू नकोस. मग मला लिही.

भात्याला मात्र आता नवं चामडंच लाव. ठिगळ पुरे. वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
विनू