आरोपी वारला, केस मिटली. माझ्या केळीचे पैसे कोण देणार?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. गेल्या मंगळवारी माझी चेकची केस कायमची बंद झाली. आरोपीच्या वकिलांनी मृत्यूचा दाखला पुढे केला आणि दोन मिनिटांत ‘आरोपी मयत, केस अबेट’ असा शेरा पडला. कारकुनाने फाईल दोरीने बांधून बाजूला ठेवली. तिच्यात माझा मूळ चेक आहे, ३,८६,००० रुपयांचा. माझ्याकडे त्याची झेरॉक्स.

ते पैसे दोन एकर बागेचे. वर्षभर रात्रीच्या लाइटीवर पाणी भरलं. मे महिन्यात झळ लागू नये म्हणून मी आणि बायकोने बागेभोवती नेट बांधली, तिच्या तळहाताला फोड आले होते. व्यापाऱ्याने दोन दिवसांत माल कापून नेला, वजनाच्या चिठ्ठ्या दिल्या, चेक दिला. तो वटला नाही. त्या वर्षी मुलीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन राहिलं, ते राहिलंच.

आमच्या गावच्या सभेत तुम्ही म्हणाला होतात, ‘केळीवाल्याचा एक रुपया बुडू देणार नाही.’ मीही टाळ्या वाजवल्या होत्या, साहेब.

गेलेल्या माणसाला शिक्षा देता येत नाही, हे मला समजतं. पण देणं माणसाबरोबर जळत नाही, असं कायदाच म्हणतो. दिवाणी दावा चालू असता तर ९० दिवसांत वारसांना रेकॉर्डवर घेता आलं असतं आणि बापाची जेवढी इस्टेट हाती आली तेवढ्यापुरते ते देणं लागले असते. आधीच दंड झाला असता तर तोही मृत्यूने सुटला नसता, मयताच्या मालमत्तेतून वसूल करता आला असता. चेकच्या केसमध्ये दंड रकमेच्या दुपटीपर्यंत होतो.

म्हणजे निकाल वेळेत लागला असता तर मी बुडालो नसतो. चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १४३ सांगतं, अशी केस सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा. माझी चालली चार वर्षं आठ महिने! समन्स बजावलं नाही, जज साहेब रजेवर, वकील आजारी. एकतीस तारखा मी मोजल्या आहेत, दर तारखेला मजुरी बुडवून. तोवर दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली. फौजदारीत गेलेला काळ त्यातून वजा होत नाही, हे मला मंगळवारी कोर्टाच्या पायरीवर कळलं. आधी एकानेही सांगितलं नाही. उशीर तुमच्या यंत्रणेने केला आणि मुदत माझी संपवली. शेतकऱ्याचा हप्ता एक दिवस चुकला की व्याज लागतं, सरकारी दिरंगाईला कसली मुदत नाही की व्याज नाही. हा कुठला न्याय?

व्यापाऱ्याचं तीन मजली घर गावात उभं आहे. मुलगा म्हणाला, ‘काका, बाबांचा व्यवहार बाबांसोबत गेला.’

माझ्यासारखे या पट्ट्यात शंभर-सव्वाशे तरी असतील. त्यांच्यासाठी मागतो: चेकची फिर्याद दाखल होते त्याच दिवशी फिर्यादीच्या हातात मराठीत कागद द्या, की दिवाणी दावा वेगळा लागतो आणि त्याची मुदत अमुक तारखेला संपते. आणि आरोपी वारला म्हणून केस बंद झाली, तर तिथून पुढे दाव्याला मुदत मिळेल अशी दुरुस्ती कायद्यात करायला लावा.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक