उतारवयातली कबुली, साठीपुढच्या प्रेक्षकांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आई किंवा वडील उतारवयात ‘मी समलिंगी आहे’ असे मुलांना सांगतात, या विषयावरचे चित्रपट बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचनालयांनी जरूर दाखवावेत. मात्र ते साठीपुढच्यांना दाखवावेत. इंग्रजी ‘बिगिनर्स’मधले वडील पंचाहत्तरीत, पत्नी गेल्यावर हे सांगतात. मल्याळम ‘काथल’ (2023) मध्ये मुलगी कॉलेजात असलेल्या समलिंगी गृहस्थाविरुद्ध घटस्फोटाचा अर्ज पत्नीच करते. इतक्या वर्षांच्या संसाराचे काय, हा प्रश्न त्या वयाच्या माणसालाच खरा भिडतो.

पण खेळ फसतो तो उपशीर्षकांवर, म्हणजे पडद्याखाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळींवर. आजी-आजोबा मराठी वाचणारे, सोबत आलेली नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची. दोघांसाठी दोन भाषा एकाखाली एक लावल्या की पडद्यावर चार ओळी होतात आणि चेहरे झाकले जातात. या चित्रपटांत तर चेहराच बोलतो. एका खेळाला एकच भाषा ठेवावी. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, त्याही सहा सेकंद राहाव्यात. मुलगा ऐकून गप्प होतो तेव्हा मात्र पडदा मोकळा हवा. मराठी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात जतन न केल्यास अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे येतात. फाइल सेकंदाला 25 फ्रेमची आणि चित्रपट 23.976 चा असला तर शंभर मिनिटांत चार मिनिटांची तफावत पडते, म्हणून शेवटची दहा मिनिटे आधी लावून पाहावीत. घरच्या ओटीटी वर्गणीवर जाहीर खेळ करता येत नाही. हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी.

शब्दांचीही काळजी हवी. यल्लम्माची सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे ‘म्हणजे जोगप्पाच ना?’ असे कोणीतरी विचारणारच. जोगप्पांची ओळख यल्लम्माच्या परंपरेशी आणि स्त्रीरूपाशी जोडलेली आहे. पुरुषाला पुरुषाची ओढ वाटणे ही वेगळी गोष्ट. भाषांतरात ‘समलिंगी’ लिहावे. ‘कमिंग आउट’ला ‘बाहेर येणे’ म्हटले तर काहीच कळत नाही, ‘घरी सांगून टाकणे’ लगेच कळते.

खेळानंतरच्या चर्चेला वकील आणि मानसोपचारतज्ज्ञ असावेत. ‘औषधाने सुधारेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. हा आजारच नाही, आणि असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच कळवले आहे. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा नाहीत. विवाहाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी मान्यता नाकारली. त्यामुळे जोडीदार वारस ठरत नाही, त्याच्यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र लागते. बँकेत नाव लावले की झाले, असे अनेकांना वाटते. पण नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. पत्नीचे हक्कही वकिलाने त्याच बैठकीत सांगावेत. नवऱ्याला समजून घेण्याच्या भरात तिचा विषय हटकून मागे पडतो.

प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत, नाव न लिहिता. ‘तुमच्या घरी कोण आहे का?’ असे कोणालाही विचारू नये. गाव लहान, ओळखी दाट. प्रेक्षकांचा फोटो संयोजकांनी काढू नये, आणि कोणी पाठवलाच तर आपण तो छापू नये, ही विनंती.

– काही चित्रपटप्रेमी, बेळगाव