कानाखालची जुनी गाठ दुखत नाही म्हणून सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात तंबाखू, मिश्री, गुटखा आणि तोंडाचा कॅन्सर यावर नेहमी येतं, ते चांगलंच आहे, येतच राहू दे. पण त्यामुळे आमच्या गावाकडे एक समज पक्का बसलाय की जो तंबाखू खात नाही त्याला तोंडा-मानेचा कॅन्सर होतच नाही. लाळग्रंथींच्या कॅन्सरचं तसं नाही. तो मुळात कमी लोकांना होतो, कशामुळे होतो ते बहुतेक वेळा सांगताच येत नाही, आणि तंबाखूशी त्याचं तोंडाच्या कॅन्सरसारखं घट्ट नातं नाही. म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

माझ्या आत्याच्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ होती, वीसेक वर्षं तरी असेल. हाताला टणक लागायची, बोटाने हलायची, दुखायची अजिबात नाही. कोणी विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "दुखत नाय मा, मगे कित्याक हात लावूचो?" त्यात आंब्याचा सीझन झाला की बघू, गणपती झाले की बघू, असं करत वर्षं गेली. मग काही महिन्यांतच ती गाठ लिंबाएवढी झाली, हलायची बंद झाली आणि एक दिवस चहा पिताना तोंडाच्या कोपऱ्यातून चहा ओघळायला लागला, त्या बाजूचा डोळा पण नीट मिटेना. घरातल्यांना वाटलं लकवा मारला. जवळच्या एका दवाखान्यात तर गळू समजून चिरा द्यायची तयारी झाली होती, नशिबाने पुतण्या आडवा पडला.

नंतर मुंबईला गेल्यावर कळलं ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहितेय. लाळग्रंथींच्या गाठींतल्या बहुतेक कानापुढच्या मोठ्या ग्रंथीत होतात आणि तिथल्या बऱ्याचशा साध्याच, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात, त्यामुळे गाठ दिसली की लगेच घाबरून जायचं कारण नाही. पण यातली जी सगळ्यात कॉमन साधी गाठ, प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा, ती तशीच ठेवली तर तिच्यातच कॅन्सर होऊ शकतो, आणि गाठ जितकी जुनी तितका धोका जास्त. पहिल्या 5 वर्षांत साधारण 1.5 टक्के आणि 15 वर्षांनंतर जवळपास 9.5 टक्के असा आकडा डॉक्टर सांगतात. म्हणजे "इतकी वर्षं काही झालं नाही" हे आपण धीर द्यायला बोलतो तेच नेमकं काळजीचं कारण असतं.

दुसरी गोष्ट मला तर अजूनच भयंकर वाटली. लाळग्रंथींचे काही कॅन्सर मुळात हळू वाढणारे असतात, तेच मध्येच स्वभाव बदलतात, याला हाय ग्रेड ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. एकाच गाठीचा एक भाग जुन्यासारखा मंद आणि दुसरा भाग एकदम आक्रमक, मग मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पसरायची शक्यता वाढते. सुईची तपासणी नेमकी मंद भागातून झाली तर रिपोर्ट सौम्य येऊ शकतो, म्हणून काढलेली गाठ पूर्ण, वेगवेगळ्या जागेचे तुकडे घेऊन तपासावी लागते, आणि ऑपरेशनच्या स्लाइड आणि गाठीचे तुकडे ज्यात जपलेले असतात ते मेणाचे ब्लॉक घरच्यांनी मागून जपून ठेवावेत, पुढच्या डॉक्टरला तेच लागतात. काही प्रकारांत स्तनाच्या कॅन्सरमध्ये करतात ती हर-टू टेस्टसुद्धा कामाला येते, कारण त्यावर औषध आहे. अॅडेनॉइड सिस्टिक नावाचा प्रकार तर नसांच्या कडेने सरकतो आणि दहा-दहा वर्षांनी फुफ्फुसात निघतो, त्यामुळे 5 वर्षं झाली, सुटलो, असं म्हणून तपासणीला जायचं बंद करू नये.

आणि गाठ नुसती सोलून काढणं हा पण उपाय नाही. कण मागे राहिले की पुन्हा उगवते, आणि चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते, त्यामुळे दुसऱ्यांदा ऑपरेशन करताना ती नस वाचवणं फार कठीण होतं. हे काम रोज करणाऱ्या सर्जनकडेच जायला हवं. मला माहितीये देवगड-मालवणच्या माणसाला मुंबई म्हणजे कोकणकन्येचं तिकीट, नातेवाईकांकडे राहणं आणि बुडालेली मजुरी. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचे उपचार होतात, तेही अनेकांना माहीत नसतं.

माझी एवढीच मागणी आहे. आपल्याकडे गावोगावी तोंडाच्या कॅन्सरची शिबिरं होतात, तोंड उघडायला लावून टॉर्च मारतात आणि पुढचा नंबर बोलावतात. त्याच वेळी कानाखालून, जबड्याखालून आणि मानेवरून हात फिरवायला अर्धा मिनिट लागतं. आशाताईंना पण हे शिकवावं, कारण घराघरात त्याच जातात. न दुखणारी गाठ, अचानक वाढलेली, घट्ट झालेली, किंवा चेहऱ्याची एक बाजू हळूहळू लुळी पडलेली दिसली की लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावं. तुम्ही एखाद्या तज्ज्ञाकडून यावर सविस्तर लेख लिहून घेऊन रविवारच्या अंकात छापलात तर फार बरं होईल, आमच्याकडे रविवारचा पेपर वाडीत चार घरांत फिरतो.

आपली,
एक वाचक, देवगड