छतावरच्या सह्या

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. ही गोष्ट त्यांना सगळी सांगायची आहे, म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात वेल्सला जाऊन आले. पेन-अ-गूरिद नावाच्या हॉटेलात दोन रात्री राहिले. आजूबाजूला गाव नाही. दोन रस्ते मिळतात तिथे एक दगडी इमारत, बाकी मेंढ्या, वारा आणि ढगांत शिरलेले डोंगर. 1810 च्या सुमारास ते शेतकऱ्याचं घर होतं. 1847 मध्ये हॅरी ओवेन नावाच्या माणसाने ते चालवायला घेतलं. तो खानावळवालाही आणि वाटाड्याही. तेव्हापासून डोंगर चढणारे इथेच उतरतात.

बाबा, 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेआधी जॉन हंट यांच्या तुकडीने याच डोंगरांत सराव केला, मुक्काम इथे. पुढे त्या लोकांनी इथल्या एका खोलीच्या छतावर सह्या केल्या. त्या अजून आहेत. मान दुखेपर्यंत वर बघत होते. हिलरींची सापडली, मग तेनसिंगची. कळसूबाईच्या शिडीवर मी रडत होते तेव्हा तुम्ही खालून "तेनसिंगने खाली पाहिलं नाही" म्हणत होतात, आठवतं? तेच नाव, त्याच्याच हातचं.

इथला सर्वांत उंच डोंगर 1085 मीटरचा, आपली कळसूबाई 1646. पण धुकं उतरलं की वाट दिसेनाशी होते. 1947 मध्ये ख्रिस ब्रिग्ज आणि त्यांच्या पत्नीने हॉटेल घेतलं. डोंगरात कुणी अडकलं की निरोप इथे यायचा आणि ब्रिग्ज मिळतील ती माणसं घेऊन शोधायला निघायचे. एव्हरेस्टपेक्षा मला हेच जास्त भावलं. तुमचा गुडघा मुरगळला त्या संध्याकाळी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावच्या माणसांनी घोंगडीच्या झोळीतून तुम्हाला खाली आणलं होतं. कंदील धरलेल्या त्या काकांना आपण नावही विचारलं नव्हतं. त्यांचीच आठवण येत राहिली.

त्यानंतर तुम्ही डोंगराचं नाव काढत नाही, हे मला कळतं बाबा. म्हणून आग्रहाने लिहिते, मे महिन्यात या. इथे चढायचं काही नाही, गाडी दारापर्यंत जाते. आई, खोलीत टीव्ही नाही, पण शेकोटी आहे. जेवणाच्या वेळेला शाळेसारखा तास बडवतात आणि सगळे उठून जेवायला जातात. तुला एकदा तरी वाढलेल्या ताटावर बसायचंय ना?

छताचा फोटो सोबत ठेवला आहे. उजेड कमी होता, भिंग घेऊन बघा. पासपोर्टची मुदत तपासून लगेच कळवा, तिकिटं मी काढते.

तुमची लेक