ती टीप हिऱ्याची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला यंत्रउद्योगावरचा लेख वाचला. वर्कशॉपला एवढी जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. पण ‘कडक पोलाद कापायला हिऱ्याची टीप लावतात’ हे वाक्य खटकले. (टीप म्हणजे लेथच्या हत्याराच्या टोकाचा कापणारा तुकडा; लेथ म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा नग, गरगर फिरवून कापणारे यंत्र.) भोसरीत 31 वर्षे लेथवर काढली आहेत, म्हणून कळवतो.

हार्डनिंग होऊन, म्हणजे तापवून-विझवून कडक होऊन, 60 रॉकवेलला (रॉकवेल हे कडकपणाचे माप) गेलेला शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडा, हिऱ्याने टर्न करत नाहीत, म्हणजे लेथवर कापत नाहीत. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेले लोखंड कार्बन खाते. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी एका नव्या मुलाने ॲल्युमिनियमच्या जॉबची हिऱ्याची टीप हार्ड शाफ्टवर लावली. हिऱ्याची टीप आणि हार्ड जॉबची वेगळी टीप, दोन्हींचा कोपरा काळाच दिसतो. तिसऱ्या शाफ्टला माप येईना. भिंगाखाली पाहिले, तर धारेच्या जागी खड्डा. मुलगा रडवेला झाला. त्याला मी एक शब्द बोललो नाही, कारण आम्हीच दोन्हींना ‘डायमंड’ म्हणत आलो होतो.

हार्ड जॉबला लागते ती सीबीएन, म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइड. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी 1957 साली ते प्रथम तयार केले. साधे बोरॉन नायट्राइड पांढरे, ग्रॅफाइटसारखे निसरडे असते. प्रचंड दाब आणि उष्णता मिळाली की तेच कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल येते, आणि लोखंडाशी भांडत नाही.

टीप बनवताना सीबीएनची भुकटी टायटॅनियम नायट्राइड किंवा कार्बाइड आणि थोड्या ॲल्युमिनियमबरोबर कालवतात, धातूच्या वाटीत भरतात आणि प्रेसमध्ये सुमारे 50 हजार वातावरणांच्या दाबाखाली 1400 अंशांच्या आसपास भाजतात. एवढा दाब कशाला? तो नसेल तर त्या उष्णतेत सीबीएन पुन्हा मऊ रूपाकडे वळू लागते. दाबाखाली कण एकमेकांत रुततात, ॲल्युमिनियम कणांच्या पृष्ठभागाशी संयोग पावून त्यांना जखडते. बाहेर येते एक चकती. ती वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) किंवा लेझरने कापून नखाएवढे तुकडे टंगस्टन कार्बाइडच्या इन्सर्टवर, म्हणजे हत्यारात बसणाऱ्या छोट्या ठोकळ्यावर, ब्रेझ करतात, म्हणजे धातू वितळवून जोडतात. हार्ड स्टीलच्या टिपेत सीबीएन साधारण निम्मे असते. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कामाला 80-90 टक्क्यांपर्यंत.

तिच्या धारेला मुद्दाम बारीक चँफर, म्हणजे तिरपा काप, दिलेला असतो. नवखा म्हणतो, धार मेली, आणि घासायला घेतो. घासली की टीप गेलीच. कूलंटही (थंड करणारे पाणी-तेल) थांबून थांबून सोडला तर गरम-गारच्या झटक्याने ती तडकते. आम्ही ती कोरडीच चालवतो, चिप (कापलेला कीस) लाल निघते आणि उष्णता घेऊन जाते.

आता आम्ही डब्यांवर ठळक लिहिले आहे: ‘हिरा – ॲल्युमिनियम’, ‘सीबीएन – हार्ड’. पुढच्या लेखात आपणही सीबीएन असेच छापावे. जेवणाच्या सुट्टीत आमची मुले आपलेच दैनिक वाचतात.

आपला,
एक टर्नर, भोसरी, पुणे