मिनिलाइट चाकांसाठी एका ओतकाम जाणणाऱ्या काकांचे आभार

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

माझ्या एमजीबीला, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीला, अखेर मिनिलाइट ही मॅग्नेशियमची हलकी चाकं बसली. फोटो तुम्ही पाहिलेतच. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र लिहितोय. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या नादी लागलेल्या इतरांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे, कारण तुम्ही मला जे दाखवलंत ते एकट्याकडे ठेवण्यासारखं नाही.

पुण्यात कॉलेजात होतो तेव्हापासून कुठलीही जुनी गाडी समोर आली की माझी नजर आधी चाकांवर जाते. पोर्शे ९११ एसची पाच पाकळ्यांची फुक्स, लॅम्बोर्गिनी मिउराची कॅम्पान्योलो, मिनी कूपरची आठ आऱ्यांची मिनिलाइट अशी सगळी नावं तोंडपाठ. चाकाचा चेहरा मला ओळखता यायचा. ते चाक कसं जन्मलं, हे मात्र बर्मिंगहॅममधल्या तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळलं.

बुगाटी टाइप ३५चं चाक तुम्ही पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलंत, ते पाकीट मी जपून ठेवलंय. ३ ऑगस्ट १९२४, लिऑंची ग्रां प्री. बाकीच्या गाड्या तारांच्या चाकांवर धावत होत्या, आणि एत्तोरे बुगाटी आठ सपाट आऱ्यांची ॲल्युमिनियमची ओतीव चाकं घेऊन उतरले. ब्रेकचा ड्रमही त्याच ओतकामात. त्यामुळे ब्रेकची उष्णता आऱ्यांतून निघून जाते, आणि चाक काढलं की ब्रेक समोर उघडा! त्या दिवशी टायरांनी दगा दिला, शर्यत हातची गेली, पण चाकाची कल्पना टिकली. ‘ओतणाऱ्यानं काढलेलं डिझाइन हाय हे, चित्रकारानं न्हवं,’ असं तुम्ही म्हणालात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम शिकलेला माणूस अर्धं आयुष्य इंग्लंडच्या फौंड्र्यांत काढूनही कोल्हापुरीतच बोलतो, याचं मला फार अप्रूप आहे.

मग लोटसचं चाक. १९५७च्या लोटस १२ या शर्यतीच्या गाडीसाठी मॅग्नेशियममध्ये ओतलेलं, आऱ्या नसलेलं. नुसती लाटेसारखी वळत गेलेली तबकडी, मध्याकडून कडेला पातळ होत जाणारी. सपाट पत्रा वाकतो, वळण दिलेला वाकत नाही, म्हणून ती लाट. मी ते चाक आजवर कुरूप समजत आलो होतो. तुम्ही त्याचा छेद काढून दाखवल्यापासून मला त्याच्याइतकं सुंदर चाक दुसरं दिसत नाही. फुक्सबद्दल मात्र आपलं अजून जमलेलं नाही. १९६६ साली आलेलं ते घडीव चाक, दाबाखाली ठोकून आकाराला आणलेलं, ओतीवपेक्षा चिवट. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीचं ते सर्वांत नेटकं चाक आहे. तुम्ही ओतकामाची बाजू सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे!

वजनाचा हिशेबही तुम्हीच नीट सांगितलात. मॅग्नेशियमची घनता घन सेंटीमीटरला १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७, पोलादाची ७.८५ च्या आसपास. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, खड्ड्यातून उसळी घेणारं तेच. शिवाय त्याला नुसतं पुढे न्यायचं नसतं, फिरवायचंही असतं. म्हणून रिमच्या कडेवरचा एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोंसारखा जड लागतो. साठच्या दशकातले रॅलीवाले मिनिलाइटच्या मागे का लागले ते यातून उलगडलं.

आणि आता आपल्या चार चाकांबद्दल. चौदा इंची, मूळ मॅग्नेशियमची. वरून चकचकीत चंदेरी रंग. ‘रंग काढ आधी. खाली काय हाय ते बघू,’ हे तुमचं पहिलं वाक्य. आम्लात बुडवू नकोस, आम्ल मॅग्नेशियमला खाऊन टाकेल. ग्राइंडर लावू नकोस, त्याचा बारीक कीस पेटला तर पाण्यानं आग आणखी भडकते, कोरडी वाळू जवळ ठेव. पावडर कोटिंग तर नकोच. भट्टीच्या उष्णतेनं जुन्या मिश्रधातूची ताकद कमी होऊ शकते, आणि जाड थराखाली भेग झाकली जाते.

रंग उतरल्यावर तुम्ही एकेक चाक दोरीला टांगलंत आणि लाकडी हातोडीनं हलकेच वाजवलंत, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. तीन चाकं खणखणली. चौथ्याचा आवाज बसका आला. तुम्ही काही न बोलता लाल डायचा, म्हणजे बारीक भेगांत शिरणाऱ्या रंगाचा, डबा काढलात. डाय लावली, थांबलात, फडक्यानं स्वच्छ पुसलंत आणि वरून भेगेतला रंग ओढून घेणारा पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटभर काहीच नाही. मग एका आरीच्या मुळाशी, नटाच्या भोकाकडे जाणारी, केसाएवढी लाल रेघ उमटत गेली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं. बोटालाही लागत नव्हतं. ‘हे भिंतीवर टांगायचं. रस्त्यावर न्हाई,’ एवढंच बोललात.

त्या रेघेसाठी मी तुमचा ऋणी आहे. गाडीत शेजारी बायको बसते, मागच्या चिमुकल्या सीटवर लेक. मोटरवेवर ती आरी सुटली असती तर काय, हा विचार मी लांबवत नाही.

त्यापुढे तुम्ही जे केलंत ते तर माझ्या अपेक्षेतही नव्हतं. जुन्या सहकाऱ्यांना फोन लावून त्याच मापाचं, त्याच ऑफसेटचं (हबवर टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून तेवढ्याच अंतरावर असलेलं) चाक शोधलंत, स्वतः तपासलंत आणि मगच मला कळवलंत. धातू झिजू नये म्हणून क्रोमेटची प्रक्रिया करून घ्यायला सांगितलंत, त्यावर इपॉक्सी प्रायमर. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ओल्या मिठात पोलादाच्या हबला टेकलेलं मॅग्नेशियम आधी झिजतं, म्हणून चाक जिथे हबवर बसतं ती जागा दर वर्षी उघडून पाहायला बजावलंत. नोव्हेंबर ते मार्च गाडी स्टीलच्या चाकांवर ठेवतोय. तुमचं म्हणणं मोडलेलं नाही.

आता एक विनंती. तुमच्या फौंड्रीच्या वह्या, साच्यांच्या आकृत्या आणि वितळणीच्या नोंदी असलेल्या, माळ्यावर पडून आहेत असं काकू म्हणाल्या. त्या मला स्कॅन करू द्या. पानंही उलटणार नाही जोरात, शब्द देतो. पुढच्या शनिवारी गाडी घेऊनच येतो, म्हणजे तुम्हाला व्हील नट स्वतः तपासता येतील. नट किती घट्ट आहेत ते मोजणारा टॉर्क रेंच बरोबर आणतोय.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
एमजीबीवाला पुतण्या